मदत हवी आहे: उघड्या माळाच्या निसर्गचित्रात गूढता कशी आणावी? (जलरंग)

नमस्कार मंडळी,

मी औसा तालुक्यातली, जलरंगात निसर्गचित्रं करते. एका मालिकेवर काम चालू आहे आणि एका जागी गाडी अडली आहे, म्हणून इथं विचारते. जरा सविस्तर लिहावं लागेल.

विषय आहे आमच्या गावाची जुनी जागा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि त्यानंतर आमच्या भागातली बरीच गावं दुसरीकडं वसवली गेली. नव्या गावात रस्ते सरळ, घरं एकसारखी. जुन्या जागेवर मात्र अजून दगडांचे ढीग आहेत, त्यातून उगवलेली लिंबं आणि बाभळी आहेत. एका वाड्याची दगडी चौकट एकटीच उभी आहे. तिचा उंबरा मधोमध पाय पडून पडून खोलगट झालाय आणि त्या खळग्यात आता मुंग्यांनी बारीक माती वर काढलीय. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीच्या रुंद भिंतींची, वर माळवदाची. त्यामुळं पडल्यावर उरला तो दगड आणि पांढरी माती.

मला या जागेचं गूढ पकडायचंय. भीती नको, भुताटकी नको, कीव तर अजिबात नको. त्या चौकटीच्या पलीकडं अजून काही आहे असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आणि तो चित्रासमोर थोडा थांबला पाहिजे.

गूढतेबद्दल जे काही वाचायला, बघायला मिळतं ते सगळं धुकं, दाट जंगल, डोंगरदऱ्या आणि चांदणं यांच्याभोवती फिरतं. आमच्याकडं यातलं काय आहे? सपाट माळ, काळं रान, कोसभर दूरची बाभूळ मोजता येईल इतकं स्वच्छ ऊन. थंडीत एखाद्या पहाटे धुई पडते, पण दिस वर आला की गेली. मागं निळसर धुकं घातलं तर चित्र महाबळेश्वरचं वाटायला लागतं, आमच्या मातीचं राहत नाही. जिथं सगळंच दिसतंय तिथं गूढ ठेवायचं कुठं?

सामान: ३०० जीएसएमचा (जाड) कोल्ड प्रेस्ड (किंचित खरबरीत) कागद, क्वार्टर साइज, म्हणजे पूर्ण कागदाचा चौथा भाग. रंग मोजके: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अलिझरिन. शिवाय एप्रिलमध्ये सकाळी अकराला वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) टाकला तर ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. त्यामुळं मऊ, एकमेकांत मिसळणाऱ्या कडा मिळतच नाहीत. यावरही कुणी सांगितलं तर बरं होईल.

प्रतिसाद (नांदेडहून)

ताई, प्रश्न फार चांगला मांडलात. ड्रॉइंग शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळं थोडं लांबण लागेल.

आधी धुक्याबद्दल. चित्रात धुकं नेमकं काय काम करतं? ते मधलाच एक तुकडा झाकतं. अकराव्या शतकात ग्वो शी नावाचा मोठा चिनी निसर्गचित्रकार होऊन गेला. त्याचं सांगणं असं, की डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळा दाखवला तर तो उंच वाटत नाही. त्याच्या कमरेला धुक्याचा पट्टा आला की उंच वाटतो. नदीचंही तेच. तिची वाट मध्ये मध्ये तुटली की ती लांब वाटते. म्हणजे खरी गोष्ट झाकण्याची आहे, आणि झाकायला धुकंच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

तुमच्याकडं झाकणाऱ्या वस्तू रगड आहेत. बांध आहे, बाभळीची रांग आहे, कडब्याची गंजी आहे, दगडांचे ढीग तर आहेतच. हिवाळ्यात शाळू डोक्याएवढा उभा असतो, त्याच्यामागं अख्खं गाव लपतं. पांदण घ्या. दोन्ही बाजूंनी झुडपं, मध्ये गाडीवाट आणि पुढं वळण. वळणानंतरचं काही काढायचं नाही, फक्त तिथं उजेड थोडा वाढवायचा. बघणाऱ्याचे पाय आपोआप तिकडं वळतात.

दुसरं, खाली बसून काढा, खुर्चीवर नको. माळावर उभं राहिलं की सगळी जमीन नकाशासारखी पसरलेली दिसते. बसलं की क्षितिज डोळ्याबरोबर खाली येतं, जमिनीची पट्टी अरुंद होते आणि पुढचा ढीग मागच्या चौकटीचा निम्मा भाग खातो. तुमच्या विषयाला हे फार मानवेल. उंबरा अर्धाच दिसू द्या.

आणि रंग लावायच्या आधी तीन टोनचं छोटं स्केच करा, काड्यापेटीएवढं: काळं, मधलं, पांढरं. त्यात मधला टोन जास्त ठेवून काळं आणि पांढरं थोडंच ठेवलं, तर नजर कुठं थांबायची ते तुमच्या हातात राहतं. सगळीकडं काळं-पांढरं झालं की चित्र बडबड करायला लागतं.

प्रतिसाद (बीडहून)

धुकं नाही म्हणता, पण फुफाटा आहे की. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी जनावरं घरी येतात तेव्हा बघा, वळवाच्या आधी वारं सुटतं तेव्हा बघा. धुळीतलं अंतर निळं होत नाही. ते फिकट पिवळसर, मातकट होतं. ऑकरमध्ये कणभर अलिझरिन आणि कोबाल्ट घालून पातळ वॉश द्या, लांबच्या झाडांचा टोन त्या आभाळाच्या जवळ आणा. महाबळेश्वर होणार नाही.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगरहून)

मी ताईंच्या मूळ प्रश्नाकडं दुसऱ्या बाजूनं येतो. भर उन्हातही गूढ असतं, आणि माझ्या मते ते जास्त खोल असतं.

जॉर्जो द किरिको या इटालियन चित्रकाराचं १९१४ चं चित्र आहे, 'रस्त्याचं गूढ आणि उदासी' अशा अर्थाच्या नावाचं. धुकं औषधालाही नाही. कडक ऊन, धारदार कडा, कमानींची लांब इमारत. एक मुलगी चाक फिरवत पळतेय आणि समोरून, इमारतीच्या आडून, कुणाची तरी लांब सावली रस्त्यावर पडलीय. तो माणूस किंवा पुतळा चित्रात नाहीच. शिवाय दोन बाजूंच्या इमारतींचं पर्स्पेक्टिव्ह (लांब जाणाऱ्या रेषांचा कल) एकमेकांशी जुळत नाही, त्यामुळं बघणाऱ्याला कारण न कळता अस्वस्थ वाटतं.

हे आपल्याला थेट वापरता येतं. चित्राबाहेरच्या झाडाची सावली आत येऊ द्या. चौकट उजेडात ठेवा आणि तिच्यासमोरच्या जमिनीवर अशी सावली टाका, जिचं झाड दिसत नाही. दुपारच्या सावल्या आखूड असतात, म्हणून सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर बसा.

एखाद्या चौकटीमागं भिंती शिल्लक असतील तर तिच्या आतला अंधार हा खरा कस. ट्यूबमधला काळा रंग लावू नका, तो भोकासारखा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवा. वरच्या बाजूला निळ्याकडं झुकवा, खाली सिएना वाढवा, कारण उन्हातल्या जमिनीचा तांबूस उजेड खालून आत उसळतो. सगळं एकाच दमात, ओलं असताना. उजेडाकडची कड धारदार ठेवा आणि दुसरी कड शेजारच्या भिंतीच्या सावलीत विरघळू द्या. ती विरघळलेली कड म्हणजेच तुमचं धुकं. दौलताबादच्या किल्ल्यात अंधारीच्या (काळोख्या भुयारी वाटेच्या) तोंडाशी उभं राहून बघा. बाहेर रणरणतं ऊन आणि दोन पावलांवर काहीच दिसत नाही. कड किती पटकन हरवते ते डोळ्यांना तिथं कळतं.

प्रतिसाद (किल्लारी भागातून)

मला चित्रातलं काही कळत नाही. ताई, राग मानू नका, पण 'गूढ' हा शब्द खटकला. त्या ढिगाऱ्यात आमची माणसं गेली. बाहेरचे लोक येतात, फोटो काढतात, 'काय भारी वातावरण आहे' म्हणतात. तुम्ही इथल्याच आहात म्हणून लिहिलं.

धागाकर्ती

दादा, राग कसला. तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि ते लिहिलंत हे फार बरं झालं. आमच्याही घरातली माणसं त्या पहाटे गेली. ती जागा मला पडक्या किल्ल्यासारखी 'भारी' दाखवायची नाही. घरात शिरताना पुढं कोण भेटेल हे माहीत असायचं, आणि आता त्याच दारातून बघितलं तर माहीत नाही, एवढंच मला चित्रात हवंय. त्याला दुसरा शब्द सुचला तर तुम्हीच सांगा, मी तोच वापरेन. चित्रं झाली की आधी तुमच्यासारख्यांना दाखवीन, मग बाकीच्यांना.

बाकी सर्वांचे आभार. खाली बसून काढायचं आणि झाड न दाखवता सावली, या दोन गोष्टी लगेच करून बघते. फुफाट्याचा रंगही पटला. एक शंका राहते: माळाचा रिकामेपणा. पुढं काही न ठेवता तो नुसता मोकळा दाखवला तर चित्र पोकळ वाटतं. मग भरायला म्हणून बैलगाडी, बगळे असं काहीबाही घालावंसं वाटतं.

प्रतिसाद (नांदेडहून)

बैलगाडी घालू नका! ती आली की कॅलेंडर झालं.

कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचं समुद्राकाठच्या संन्याशाचं चित्र शोधून बघा, १८०८ ते १८१० च्या दरम्यानचं. खाली वाळूची पट्टी, मध्ये काळ्या पाण्याची पट्टी आणि वर आभाळच आभाळ. एक माणूस, अंगठ्याएवढाही नाही. आपल्या माळासारखंच सपाट क्षितिज. त्यानं आधी पाण्यात जहाजं काढली होती आणि नंतर ती रंगवून बुजवली, हे पुढं तपासणीत दिसून आलं. जहाजं असती तर माणूस जहाजांची वाट बघतोय अशी गोष्ट झाली असती. ती गेल्यावर तो कशाकडं बघतोय हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

तुमचं चित्र पोकळ वाटत असेल तर बहुतेक आभाळ सपाट राहत असेल. रिकाम्या जागेत वस्तू नको, पण टोनचा चढ-उतार हवा. क्षितिजाशी उजळ, वर जाताना अगदी हळू गडद. जमिनीतही पायापासून लांब जाताना एक बारीक बदल ठेवा. आणि क्षितिज मधोमध नको. एक तर खूप खाली, नाहीतर खूप वर.

प्रतिसाद (परभणीहून)

वाळण्याचा प्रश्न कुणी घेतला नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडंही तीच रड असते.

कागद दोन्ही बाजूंनी भरपूर भिजवा, दहा मिनिटं तरी, आणि अॅक्रिलिकच्या शीटवर किंवा काचेवर चिकटवा. खालून हवा लागत नाही, त्यामुळं ओल बराच वेळ टिकते. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाका, मेडिकलमध्ये मिळतं. जास्त टाकलं तर चित्र चिकट राहतं, धूळ बसते. छत्री काळी किंवा पांढरी घ्या. रंगीत छत्रीखाली कागदावर तिचाच रंग पडतो आणि घरी आल्यावर सगळं वेगळंच दिसतं.

आणि कडुसं पडल्यावरचं चित्र हवं असेल तर जागेवर रंगवू नका, रंगच दिसत नाहीत. जेम्स व्हिसलरनं १८७० च्या दशकात थेम्स नदीची रात्रीची चित्रं केली ती आठवणीतून. तो बराच वेळ बघायचा, मग पाठ फिरवून सोबतच्याला काय काय दिसलं ते सांगायचा. चुकलं तर पुन्हा बघायचा. दुसऱ्या दिवशी घरी रंगवायचा. आठवणीतून काढताना बारीकसारीक आपोआप गळतं आणि मोठे आकार राहतात.

धागाकर्ती

ही पाठ फिरवायची युक्ती मला आईबरोबर करायची आहे. तिला जुन्या गावातलं घर न् घर पाठ आहे. मी बघून सांगेन, ती दुरुस्त करेल.

काच जड होते, म्हणून लातूरला क्वार्टर साइजची अॅक्रिलिक शीट कापून घेते. जाडी किती घ्यावी? तीन मिलिमीटर वाकत तर नाही ना?

प्रतिसाद (परभणीहून)

क्वार्टरला तीन पुरते. हाफ साइज करणार असाल तर पाच घ्या. कडा पॉलिशपेपरनं घासून घ्या, नाहीतर भिजलेला कागद काढताना बोटं कापतात.