फ्रान्सचे ल द्रियां : प्रादेशिक परिषदेचा अध्यक्ष म्हणजे मुख्यमंत्रीच का?

कृष्णाकाठची_लेक (सांगली)
नमस्कार मंडळी, स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. राफेल करारावर सही करणारे फ्रान्सचे संरक्षणमंत्री ज्याँ-इव्ह ल द्रियां, असं नोट्समध्ये आहे आणि त्याच्याच खाली "ब्रिटनीचे मुख्यमंत्री" असंही लिहिलंय, तेही त्याच काळात. कालपासून डोक्यात तेच घोळतंय. दोन्ही पदं एकदम कशी काय चालतात? मला नुसतं पाठ करायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

कराडचा_मास्तर
ताई, आधी तो मुख्यमंत्री शब्द खोड. फ्रान्समध्ये आपल्यासारखी राज्यं नाहीत, कायदे पॅरिसलाच होतात. ब्रिटनी हा फ्रान्सचाच एक प्रदेश आणि ल द्रियां त्याच्या प्रादेशिक परिषदेचे अध्यक्ष होते. ही परिषद आपल्या झेडपीची थोरली बहीण समज, हायस्कूलच्या इमारती, प्रदेशातल्या रेल्वेगाड्या, उद्योगांना मदत असली कामं, पोलीस तिच्या हाताखाली नाहीत.

पण माणूस मुळापासून वर आलाय बघ. इतिहासाचा शिक्षक, १९७८ ला खासदार, १९८१ ला लोरियाँ शहराचा महापौर, तो १९९८ पर्यंत. लोरियाँ म्हणजे मासेमारी, नौदल आणि जहाजबांधणीचं गाव, १९९१ ला समुद्र खात्याचं राज्यमंत्रीपद मिळालं पण वर्षभरातच गेलं. मग २००४ ला ब्रिटनीची परिषद जिंकली, २०१२ ला संरक्षण, २०१७ ला परराष्ट्र. आमच्या यशवंतरावांनीही आधी राज्य सांभाळलं, मग १९६२ ला संरक्षण आणि १९७४ ला परराष्ट्र. प्रीतिसंगमावर समाधीपाशी बसलो की हे मला हमखास आठवतं.

कृष्णाकाठची_लेक
सर, झेडपीचं एकदम डोक्यात बसलं! पण दोन पदांचं राहिलंच की.

कराडचा_मास्तर
हां. २०१२ ला मंत्री झाले तेव्हा परिषद सोडलीच होती, मंत्र्यानं स्थानिक सत्तापद ठेवायचं नाही असं फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी ठरवलं होतं. डिसेंबर २०१५ ला ते परत ब्रिटनीत उभे राहिले आणि जिंकले, पण त्याच्या महिनाभर आधीच, १३ नोव्हेंबरला पॅरिसवर हल्ले झालेले, अशा वेळी संरक्षणमंत्री बदलायचा कसा, म्हणून ओलांद यांनी अपवाद केला. परिषद सोडली ती २०१७ च्या जूनमध्ये.

अपशिंग्याचा_फौजी (सातारा)
जय हिंद. मी रिटायर्ड, आमच्या गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. २३ सप्टेंबर २०१६ ला दिल्लीत ३६ राफेलची सही झाली ती मी टीव्हीसमोरून न हलता बघितली. ल द्रियांच्या समोर आपले संरक्षणमंत्री पर्रीकर. दोघंही आपापल्या प्रदेशाचे गडी बघा, पर्रीकर तर पुढं मार्च २०१७ ला दिल्ली सोडून गोव्याला मुख्यमंत्री म्हणून परत गेले. २९ जुलै २०२० ला पहिली पाच विमानं अंबाल्याला उतरली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत.

मिरजेची_वहिनी
एक भर घालते. ऑस्ट्रेलियानं २०१६ ला पाणबुड्यांसाठी फ्रान्सला निवडलं तेव्हा तिथले संरक्षणमंत्री हेच ल द्रियां, आणि सप्टेंबर २०२१ ला ऑस्ट्रेलियानं तो व्यवहार मोडला तेव्हा परराष्ट्रमंत्रीही हेच. पाठीत खंजीर खुपसला, असं जाहीर बोलले आणि फ्रान्सनं राजदूत माघारी बोलावला. वसंतदादांचं सरकार १९७८ ला पडल्यापासून आम्ही सांगलीकर हेच शब्द ऐकतोय, त्यामुळं बातमी वाचताना त्यांना काय लागलं असेल ते मला लगेच कळलं.

कृष्णाकाठची_लेक
वहिनी, पाणबुड्यांचं नोट्समध्ये नव्हतंच, लिहून घेतलं. "मुख्यमंत्री" पेन्सिलीनं खोडून "प्रादेशिक परिषदेचे अध्यक्ष" केलंय, बाकीच्या पोरींनाही आत्ताच सांगते.