निवडणूक संपली पण मंडळीतले दोन तट मिटेनात, काय करावं? (बेळगाव)

तिसरं रेल्वे गेट:

सगळ्यांना सलाम. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आता राहवत नाही म्हणून लिहितोय. आमची मंडळी, म्हणजे चर्च, बेळगावातली, जुनी, प्रोटेस्टंट. नाव देत नाही, कुणाची बदनामी करायची नाही. सकाळी मराठी उपासना, ती सुटली की कानडी, आणि सणाला दोन्ही एकत्र असं वर्षानुवर्षं चालत आलंय. मी पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीवर आहे.

२०२४ च्या लोकसभेच्या आधी एका रविवारी आशीर्वचन झालं, लोक अजून बाकावरच होते, आणि आमच्या एका पदाधिकाऱ्याने उमेदवाराच्या माणसाला पुढे बोलावून माईक दिला, तोही थेट पुलपीटवर, जिथनं पाळक उपदेश करतात तिथं. पाळकसाहेबांना आधी सांगितलंसुद्धा नव्हतं, ते बिचारे बाजूला उभे. त्या माणसाने मतं मागितली, शाल घालून घेतली, आणि आमचा माणूस निवडून आला की खासदार निधीतनं कंपाउंडची भिंत आणि पेव्हर ब्लॉक घालून देतो म्हणाला. मागच्या बाकांवरनं काही घरं उठून गेली, त्यात महाराष्ट्र एकीकरण समितीला मानणारे होते आणि दुसऱ्या पक्षाचेही होते. संध्याकाळी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे सुरू झालं ते इथं लिहवत नाही, एकमेकांच्या आईबापापर्यंत गेले लोक. अॅडमिनने ग्रुप बंद केला तर दुसऱ्या दिवशी दोन ग्रुप निघाले.

निकाल लागला, जिंकणारे जिंकले, पण आमच्याकडे काही थांबलं नाही. आता कमिटीची निवडणूक आलीय तर सरळ पॅनल पडलेत आणि उघड बोलतात की हे अमक्या पक्षाचं पॅनल, ते तमक्याचं. त्यात भाषेची भर, एक कानडीवाल्यांचा माणूस, दुसरा मराठीवाल्यांचा. नाताळच्या एकत्र उपासनेत पहिला धडा कुठल्या भाषेत वाचायचा यावरून मीटिंग अर्धी सोडून लोक गेले. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा आमचा विधी. आमच्याकडे कठड्याशी गुडघे टेकून घेतात. गेल्या वेळी मंडळीतले जे वडील (एल्डर) द्राक्षारसाचा ट्रे घेऊन पुढे आले त्यांना बघून एक मावशी, माझ्या आईच्या वयाच्या, पुढे केलेला हात मागे घेऊन उठल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी दुसऱ्या टोकाला, पाळकसाहेब होते तिकडे, जाऊन परत टेकल्या. कोण काही बोललं नाही पण सगळ्यांनी बघितलं.

मंडळीत राजकारणावर बोलायचंच नाही असा ठराव केला तर हे थांबेल का? तुमच्याकडे झालं असेल तर कसं केलंत? प्रार्थना करतोच आहे, पण हातानं काय करता येईल तेही सांगा.

खानापूरचा मास्तर:

सलाम ब्रदर. तुमच्या पुलपीटवर जे झालं ते कायद्यातच बसत नाही हो. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखायला १९८८ चा केंद्राचा कायदा आहे, देऊळ मशीद चर्च गुरुद्वारा सगळ्यांना सारखाच, आणि आवार राजकीय कामाला वापरू दिलं तर संस्था चालवणाऱ्याला आणि त्यात सामील असलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे बोलणारा मोटारीत बसून जातो आणि माईक देणारा अडकतो. आचारसंहितेतही प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरू नका असं स्पष्ट आहे. धर्माच्या नावावर मत मागणं हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण, आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन असं ठरवलं की उमेदवाराचाच काय, मतदाराचा धर्म काढूनसुद्धा मत मागता येत नाही.

आणि त्या भिंतीचं म्हणाल तर खासदार निधीच्या नियमांत प्रार्थनास्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या जागेवर काम करायलाच मनाई आहे. ज्या भिंतीवरनं तुमची मंडळी फुटली ती त्या पैशातनं उभीच राहणार नव्हती. हे एकदा मीटिंगमध्ये दोन्ही बाजूंना वाचून दाखवा.

ठराव करा, पण साधा करा. कुठल्याही पक्षाचा माणूस येवो, बाकावर बसो, भजन म्हणो, त्याला सलाम करा. माईक नाही, शाल नाही, हार नाही, उपासनेच्या आधी नाही आणि नंतरही आवारात नाही. सगळ्या पक्षांना एकच. मिनिट्सबुकात घ्या आणि दोन्ही भाषांत नोटीस बोर्डावर लावा, म्हणजे उद्या नवीन पदाधिकारी आला तरी त्याला मोडता येणार नाही.

घटप्रभा काठ:

मास्तरांचं उमेदवारांबद्दलचं पटलं. पण मूळ प्रश्न आहे की राजकारणावर बोलायचंच नाही असा ठराव करावा का, तर माझं म्हणणं आहे अजिबात करू नका.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत पास झालं ते आपल्याच बेळगावात, सुवर्णसौधमध्ये, २३ तारखेला. त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचं, बाईचं किंवा अल्पवयीन मुलाचं धर्मांतर केल्याचा आरोप सिद्ध झाला तर तीन ते दहा वर्षं शिक्षा होती, आणि ज्याला धर्म बदलायचाय त्याने तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. ते दिवस शहरातल्या मोठ्या चर्चना कसे गेले माहीत नाही, आमच्या बाजूला वाड्यावस्तीवर घरातली प्रार्थनासभा घ्यायलाही लोक घाबरत होते, खिडक्या लावून भजन म्हणत होते. त्या वेळी शहरातल्या काही मंडळ्यांनी आम्ही राजकारणात पडत नाही म्हणून हात वर केले. आम्हाला ते फार लागलं, अजून लागतं. पुढे २०२२ ला आधी अध्यादेश आणि मग कायदा झाला, आणि २०२३ च्या जूनमध्ये नवीन सरकारच्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. हे सगळं राजकारणच आहे नव्हे काय? मंडळीत हे बोलायचं नाही तर मग कुठं बोलायचं?

विषयावर बोला, उमेदवारावर बोलू नका. रेष तिथं मारा. कुठला कायदा आपल्या माणसांच्या अंगावर येतोय, कुणाच्या घरावर दगड पडले, कुणाची दफनभूमी अडली, हे पाळकांनी सांगितलंच पाहिजे. मत कुणाला द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

शहापूर:

घटप्रभा, दफनभूमीचं तुम्ही काढलंत म्हणून बोलतो. आमच्या मंडळीला दफनाच्या जागेसाठी किती खेटे घालायला लागले ते आम्हालाच ठाऊक. शेवटी पुढाऱ्याकडेच जावं लागलं. शाल नको हार नको म्हणणं सोपं आहे, पण ओळख ठेवली नाही तर उद्या माती द्यायला जागा मागायला कुठल्या तोंडानं जायचं? तुमच्या त्या पदाधिकाऱ्याचं चुकलंच, पण त्याच्या मनात मंडळीचं भलंही असू शकतं, त्याला एकदम शत्रू करू नका एवढंच.

खानापूरचा मास्तर:

शहापूर, जायचं की पुढाऱ्याकडे, कोण नको म्हणतंय. फक्त एकट्यानं जायचं नाही. अर्ज कमिटीच्या सहीनं, सोबत पाच-सहा जण, दोन्ही भाषांचे, वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे, आणि जो निवडून आलाय त्याच्याच ऑफिसात दिवसाउजेडी. एकट्याच्या ओळखीनं जागा मिळाली की ती मंडळीची राहत नाही, त्या एकट्याची होते आणि पुढं आयुष्यभर तो ऐकवत राहतो.

निपाणीची लेक:

सगळे कायद्याचं बोलताय, मी घरातलं सांगते. आमच्यासारख्या घरांत मत वेगवेगळं का पडतं हे कॅम्पातल्या, टिळकवाडीतल्या आपल्या लोकांना खरंच माहीत नसतं. आम्ही दलित ख्रिस्ती. अनुसूचित जातीत कोण धरायचं याचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आहे, त्यात १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध घेतले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. कर्नाटकात आमच्यासारख्यांना मागासवर्गात कॅटेगरी एकमध्ये धरतात, एससीमध्ये नाही. आता आमच्यात एकाच आईची दोन पोरं बघा, एकाच्या शाळेच्या दाखल्यावर ख्रिश्चन लिहिलंय, दुसऱ्याच्या दाखल्यावर जुनी जात तशीच आहे आणि त्याला त्यावर नोकरी लागली. तो नोकरीवाला रविवारी चर्चला येतो तो शेवटच्या बाकावर बसतो, फोटो काढायला लागले की बाहेर जातो. त्याला तुम्ही व्हॉट्सअॅपवर गद्दार म्हणणार? त्याचं पोट त्या कागदावर आहे.

तो ज्या पक्षाला मत देतो त्याला मी देत नाही. पण का देतो ते मला माहीत आहे, म्हणून आमच्या घरात एका ताटात जेवणं होतात. तुमच्या मंडळीत किती जणांना माहीत आहे की समोरच्याला कशाची भीती आहे? आणि त्या मावशी कठड्यावरनं उठल्या, त्यांच्याकडे कमिटीतलं कोण गेलं का नंतर? तुमच्या लिहिण्यात कुठं आलं नाही म्हणून विचारते.

आल्टो सिस्टर:

माझं माहेर कानडी, गोकाकचं, सासर मराठी, आणि मी दोन्ही उपासनांना क्वायरमध्ये उभी राहते, त्यामुळे हे दोन तट माझ्या मधूनच जातात असं समजा. पक्षाचं भांडण वर दिसतं, खाली निम्मं भाषेचं आहे. कानडीवाल्यांना वाटतं चांगली वेळ, चाव्या, बँकेचं खातं सगळं मराठीवाल्यांच्या हातात. मराठीवाल्यांना वाटतं बाहेर राज्य कानडी, ऑफिसात कानडी, फलकांवर कानडी, १९५६ पासून आम्ही हेच सोसतोय, आता निदान आमचं भजन तरी आमचं राहू द्या. दोघांचं दुखणं खरं आहे, मी दोन्ही स्वयंपाकघरांत ऐकलंय.

बायबलात प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय काढून बघा. तिथंही हेच होतं की, ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवलं नाही आणि कुरकुर करू नका असा ठरावही केला नाही. सात माणसं निवडायला सांगितली. ती सात नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं! ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हातात वाटणी दिली असं दिसतं. आमचे पाळक एकदा यावर बोलले होते तेव्हापासून माझ्या डोक्यातनं जात नाही.

म्हणून म्हणते, पॅनल मोडायचं असेल तर भाषणं नकोत. खजिनदार कानडी उपासनेतला करा, सेक्रेटरी मराठी, आणि पुढच्या खेपेला उलट. नाताळचा पहिला धडा एक वर्ष कानडी, एक वर्ष मराठी, चिठ्ठी टाकून सुरू करा. आणि कुठल्याही पक्षाचं पद असलेल्या माणसाने कमिटीला उभं राहू नये, हे मात्र घालाच. मत हवं तिकडे द्या, पण झेंडा खांद्यावर घेऊन प्रभुभोजनाचा ट्रे धरू नये.

सांतीबस्तवाड:

आम्ही कॅथलिक. आमच्यात फादरना पक्षाच्या कामात भाग घ्यायला कॅनन लॉ मध्येच मनाई आहे, कॅनन २८७. पण प्रापंचिकांना ती बंदी नाही, त्यामुळे भांडणं आमच्याकडेही होतात, फक्त वेदीपर्यंत येत नाहीत. भाषेचं म्हणाल तर आमच्या धर्मप्रांतात कोकणी, मराठी, कानडी, इंग्रजी अशा मिस्सा (आमच्या उपासना) असतात, तिथंही वेळेवरनं रुसवेफुगवे आहेतच. आल्टो सिस्टरचं आळीपाळीचं मला पटलं, आमच्याकडे सणाच्या मिस्साला साधारण तसंच चालतं.

तिसरं रेल्वे गेट:

सगळ्यांचे आभार, मनापासून. निपाणीच्या ताई, मावशींकडे कोणी गेलेलं नाही. मी आणि ज्यांच्या हातात ट्रे होता ते वडील, दोघं या आठवड्यात जाणार आहोत, त्यांच्याशी काल बोललो, ते लगेच तयार झाले, त्यांनाही रात्रभर झोप नव्हती.

राजकारणावर बोलूच नका असा ठराव आता मांडणार नाही. घटप्रभाने जी रेष सांगितली तीच मांडतो, विषय चालेल, उमेदवार नाही. माईक-शाल-हार, पक्षाचं पद असलेल्याने कमिटीला उभं न राहणं, आणि खजिनदार-सेक्रेटरीची अदलाबदल, हे तिन्ही एकाच कागदावर घेतो. शेवटच्यावर मराठी बाजूचे आमचेच लोक चिडणार, ते मी बघतो. पाळकसाहेबांना दाखवलं, ते म्हणाले वाचून मी दाखवतो. अडचण एवढीच की मला कानडी बोलायला येतं, ठरावाच्या भाषेत लिहायला जमत नाही, आणि नुसता मराठीत नेला तर तिथंच पहिलं भांडण.

आल्टो सिस्टर:

मराठी मसुदा इथं टाका, कानडी मी करते. आणि बैठकीत आधी कानडी वाचा.