कारळे, खुरासणी की रामतीळ?

आडवाट
इथिओपियातल्या डोंगरशेतीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'नूग' हे तेलबियांचं पीक पानोपानी येतं. सूर्यफुलाच्या कुळातलं, आठ पाकळ्यांचं पिवळं फूल, काळी चकचकीत बी. म्हणजे आपले कारळे, आणि मी तसंच लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या बाई अकोले तालुक्यातल्या. त्यांनी सगळीकडे खोडून 'खुरासणी' केलं. कारळं हा चटणीतला शब्द, शेतातला नव्हे, असं त्या म्हणतात. माझं माहेर चिपळूणचं. आमच्याकडे डोंगरावर पेरायचे तेही कारळेच. काय ठेवू?

वरकस
बाईंचं बरोबर आहे. आमच्या इगतपुरीकडे नवरात्राच्या सुमारास उतार पिवळे झाले की 'खुरासणी फुलली' असंच म्हणतात. नाचणी, मग वरई, आणि जमीन थकली की खुरासणी, असा वरकसाचा, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीचा, फेर. बी बारीक, म्हणून मातीत कालवून पेरायची. गुरं तोंड लावत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या पिकाच्या कडेनेही चार ओळी टाकतात. आजी पाट्यावर मात्र 'कारळ्याची चटणी' वाटायची. बी एकच, पण उंबऱ्याबाहेर एक नाव आणि आत दुसरं.

शब्दवेल्हाळ
मग त्याच इगतपुरीच्या संशोधन केंद्रातल्या वाणाचं नाव 'फुले कारळा' कसं? कृषी खात्याच्या तेलबियांच्या यादीतही कारळेच आहेत. छापील मराठीला एक शब्द लागतो आणि तो ठरलेला आहे.

वरकस
यादीत आलं नाही म्हणून शेतातलं नाव खोटं ठरत नाही. ज्यांनी हे पीक डोंगरावर टिकवलं त्या ठाकर-महादेव कोळ्यांच्या तोंडी खुरासणीच आहे. त्याच केंद्राच्या जुन्या वाणाचं नाव 'सह्याद्री' होतं, ते कुणालाच परकं वाटलं नाही.

गोडबोली
खुरासणी हा मराठी शब्दच नाही. खुरासान इराणचा. रामतीळ लिहा, शुद्ध आहे.

आडवाट
रामतीळ मी हिंदी आणि गुजराती लोकांकडूनच ऐकलाय. खुरासणीची माझी अडचण वेगळी आहे. पीक मूळचं अबिसीनियाचं, म्हणजे इथिओपियाचंच, शास्त्रीय नावातही 'अबिसिनिका' आहे. इथिओपियाच्या शेतकऱ्याच्या हाती इराणच्या नावाचं बी कसं देऊ?

वरकस
खुरासानी ओवा म्हणतोच की आपण. दूरदेशीचं ते खुरासणी, एवढाच त्याचा अर्थ असावा. ऐकणाऱ्याला इराण आठवतसुद्धा नाही.

सीमाभाग
बेळगावचा आहे. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ आणि 'करी' म्हणजे काळा. करी-एळ्ळु, करेळ्ळु, कारेळे, कारळे. मला यात शंका वाटत नाही. जुनी माणसं 'कारेळे' म्हणतातच.

शब्दवेल्हाळ
करी-एळ्ळु म्हणजे काळे तीळ. कारळ्याला कन्नडमध्ये हुच्चेळ्ळु म्हणतात, म्हणजे वेडे तीळ. तेलुगूतही वेडे तीळच आहेत, वेर्रिनुव्वुलु. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.

सीमाभाग
गुरेळ्ळु हेही नाव आहे आमच्याकडे. त्याचं काय करता?

सातासमुद्रापार
न्यू जर्सीहून लिहिते. इथे किराणा दुकानात 'काळं बी' म्हणून मागितलं तर कलौंजी हाती आली. चटणी कडू झाली, फेकावी लागली. पुढे पाखरांच्या खाद्याच्या फळीवर नेमके कारळे दिसले, 'नायजर' नावाने. इथल्या छोट्या पिवळ्या पाखरांना ते फार आवडतात. बियांबरोबर अमरवेलीचं बी येतं, म्हणून बाहेरून आलेला माल तापवून घेतात. त्यामुळे तो सहसा उगवतही नाही. पाखरांचा माल खायला मन होईना. आईने शेवटी पार्सल पाठवलं.

वरकस
तापवलेलंच असेल तर भाजणीचं काम वाचलं असतं, पण पाखरांच्या मालावर माणसांसारखी देखरेख नसते. न खाल्लेलंच बरं. आमच्याकडे खुरासणी कोरडी भाजतात, तडतडली की उतरवतात. मग लसूण, मिरची, मीठ. खोबरं नाही.

गोडबोली
खोबऱ्याशिवाय ती चटणी कोरडीठाक होते.

वरकस
ती मुळात तेलाची बी आहे. पाट्यावर नीट वाटली तर स्वतःचंच तेल सोडते. मिक्सरमध्ये भुगा होतो, म्हणून तुम्हाला खोबरं लागतं.

आडवाट
बाईंना फोन केला होता. लेखात पहिल्यांदा 'नूग, म्हणजे आपले कारळे किंवा खुरासणी' असं येईल, इथवर एकमत झालं. पुढच्या तीस ठिकाणी काय, ते अजून राहिलंय. वरकस, लसूण सालीसकट घालता की सोलून?