ब्रिजवरच्या ऑफिसरचा मेंटल वर्कलोड नेमका मोजायचा कसा?

ब्रिजविंग:
जहाजाच्या ब्रिजच्या (जिथून जहाज चालवतात) सिम्युलेटरवर वॉचकीपिंग, म्हणजे ड्युटीवरच्या ऑफिसर्सचा वर्कलोड मोजतोय. एक्सरसाइज संपली की नासा टीएलएक्स (वर्कलोड किती वाटला ते विचारणारी प्रश्नावली) भरून घेतो, पण त्यात आधी मोकळा समुद्र, मग ट्रॅफिक सेपरेशन स्कीम (येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या वेगळ्या लेन), मग पायलट बोर्डिंग (वाट दाखवणारा पायलट जहाजावर चढतो ते) आणि सगळ्याचा मिळून एकच आकडा येतो, मग माणूस कुठे ओव्हरलोड झाला ते कळणार कसं? हार्ट रेट लावला तर पुरेल का?

ठोका:
नुसता हार्ट रेट नको, एचआरव्ही घ्या, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार. डोक्यावर लोड आला की तो कमी होतो, ०.१ हर्ट्झच्या आसपासच्या चढउतारात हे जास्त दिसतं. पण ऑफिसर ब्रिज विंगवर (ब्रिजच्या बाजूच्या भागात) चालत गेला किंवा व्हीएचएफ रेडिओवर बोलला की श्वास बदलतो आणि डेटा बिघडतो, म्हणून व्हिडिओ सिंक करून ते तुकडे वेगळे काढाच. जपानमध्ये सिम्युलेटरवर नाकाचं तापमानही मोजलंय, ताण आला की ते उतरतं. डोळ्याच्या बाहुलीचा आकार मात्र रात्रीच्या एक्सरसाइजला धरू नका, अंधार आणि रडारच्या स्क्रीनचा उजेड यातच ती लहानमोठी होत राहते.

दीपस्तंभ:
टीएलएक्स सोडू नका हो! १९८८ पासून वापरात आहे, सहा बाजू विचारतो, त्यात एफर्ट आणि फ्रस्ट्रेशन आहे जे ठोक्यावरून कळणार नाही. टप्प्याटप्प्याने भरून घ्या. मध्ये थांबवायचं नसेल तर आयएसए, म्हणजे ठराविक वेळाने आत्ता लोड किती ते १ ते ५ मधलं एक बटण दाबून सांगायचं. फक्त ऐन क्रॉसिंग सिच्युएशनमध्ये (दुसरं जहाज आडवं येत असताना) ते बटणही एक कामच होतं, तेव्हा कुणी दाबलं नाही तर तीही नोंद ठेवा.

मिडवॉच:
मी जहाजावर असतो म्हणून सांगतो, फक्त ओव्हरलोड शोधू नका. रात्री १२ ते ४, समोर एकही टार्गेट (दुसरं जहाज) नाही, तेव्हा वर्कलोड इतका खाली जातो की लक्षच उडतं. बीएनडब्ल्यूएएसचा (बटण दाबलं नाही तर वाजणारा ब्रिजवरचा अलार्म) टायमर ३ ते १२ मिनिटांत सेट करतात तो यासाठीच, पण बटण दाबलं म्हणजे माणूस जागा आहे एवढंच कळतं, लुकआउट (समुद्रावर नजर ठेवणं) नीट चाललाय की नाही ते नाही. आणि सीपीए (दुसरं जहाज जास्तीत जास्त किती जवळून जाईल ते अंतर) बघून वर्कलोड ठरवू नका प्लीज, दोघांनीही एक मैल ठेवला तरी एकाने आरामात ठेवला असेल, दुसऱ्याचा घामटा निघाला असेल.

ब्रिजविंग:
धन्यवाद सगळ्यांना, टप्पे पाडून टीएलएक्स आणि सोबत चेस्ट स्ट्रॅप (ठोके मोजणारा छातीचा पट्टा) असं करतो. बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीचं आधीचं मोजमाप, बसवून घ्यायची की उभ्याने?

ठोका:
उभ्यानेच, ब्रिजवर जसे उभे राहतात तसंच, कारण बसल्यावर एचआरव्ही मुळातच वेगळा येतो.