नालकुंतल: यातला 'नाल' कुठला आणि केसांचा काय संबंध?

माझी भाची यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. काल विद्युतधारेचे परिणाम वाचताना मध्येच विचारते, मामा, नालकुंतल म्हणजे घोड्याच्या नालासारखं वाकवलेलं ना? आता तिला चूक तरी कसं म्हणू, नालाकृती चुंबक तिने आधी बघितलाय आणि तो खरंच तसाच असतो. पण पुस्तकातल्या आकृतीत तर सरळ नळीसारखी गुंडाळलेली तार आहे. आणि कुंतल म्हणजे केस ना, मग ते इथे कशाला आले? नुसतं 'पाठ कर' म्हणायचं नाहीये मला, कुणी नीट उलगडून सांगेल का?

---

भाचीचा गोंधळ अगदी रास्त आहे कारण हे दोन वेगवेगळे नाल आहेत, लिहायला बोलायला एकच. घोड्याचा नाल अरबीतून आला, तिकडे नअल म्हणजे पायातली वहाण. नालकुंतलातला नाल मात्र संस्कृत, कमळाचा पोकळ देठ असतो ना तो, म्हणजेच नळी. आपले नळ, नळी, नाळ याच कुळातले. कुंतल म्हणजे केस, तेव्हा नळीवर बसलेल्या कुरळ्या बटा डोळ्यापुढे आणा की शब्द सुटला. नालकुंतलाला इंग्रजीत सोलेनॉइड म्हणतात, ते नाव फ्रेंच शास्त्रज्ञ आम्पेअरने 1820च्या दशकात ग्रीक 'सोलेन'वरून पाडलं, त्याचा अर्थही नळीच. हिंदीत परिनालिका म्हणतात, त्यातही नळीच आहे पण वेटोळं काही दिसत नाही. मला तरी मराठी शब्दच जास्त आवडतो, आकार सांगून जातो.

---

मी विज्ञान शिकवते, वर्गात मी हे करूनच दाखवते. मोटार रिवायंडिंगवाल्याकडून इनॅमलची तांब्याची तार दोनेक मीटर आणायची, रिकाम्या बॉलपेनच्या नळीवर एकाला एक चिकटून पन्नासेक वेढे घालायचे, दोन्ही टोकांचं इनॅमल ब्लेडने खरवडायचं (हे राहिलं तर प्रवाहच जात नाही आणि मुलं सेलला दोष देतात), मग दीड व्होल्टचा सेल दोनतीन सेकंदच लावायचा, जास्त ठेवला तर तार आणि सेल दोन्ही तापतात. चुंबकसूची शेजारी ठेवली की सुई हलते. नळीत लोखंडी खिळा सरकवला की टाचण्या उचलतो, सेल काढला की बहुतेक टाचण्या गळून पडतात. हा झाला विद्युतचुंबक.

अजून एक, पेपरात मुलं नालकुंतल आणि कुंडल यांची अदलाबदल करतात. मोटरमध्ये दोन ध्रुवांच्या मध्ये फिरतं ते आयताकार कुंडल, कानातल्या कुंडलासारखा बंद वेढा. तो त आणि ड एवढाच फरक, पण उत्तर चुकतं. फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी काढा, लगेच कळतं.

---

वापराचं म्हणाल तर पुस्तकाबाहेर नालकुंतल कुणी म्हणत नाही हो. आमचा आरओ दुरुस्त करायला आलेला मुलगा 'एसव्ही गेलाय' म्हणाला, म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, विजेवर पाणी चालू-बंद करणारी झडप. गाडीच्या स्टार्टरलाही सोलेनॉइडच. तरी मला वाटतं दोन्ही शब्द मुलांना यावेत, एकाने वस्तू ओळखता येते, दुसऱ्याने तिचा आकार.

---

मूळ प्रश्न विचारणारा मीच. काल रात्री केलं, वर सांगितलंय तसंच. पेनची नळी हळूच ओढून काढली तर हातात नुसती तारेची बट राहिली, भाची लगेच म्हणाली, अय्या हेच कुंतल. सेल उलटा करून लावला तर सुई दुसऱ्या बाजूला वळली, तेही तिनेच बघितलं. आता गाडी विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर अडलीय. प्रवर्तन म्हणजे काय सांगू?

---

धम्मचक्र प्रवर्तन दिन तिला माहीत असेलच, तिथूनच सुरू करा. चक्र प्रवर्तित करणं म्हणजे त्याला गती देणं, चालू करणं. फॅरेडेने 1831 मध्ये तेच दाखवलं, सेल नसतानाही तारेत प्रवाह चालू करता येतो. तेच वेढे गॅल्व्हॅनोमीटरला (बारीकसा प्रवाहही काट्याने दाखवणारं यंत्र) जोडा, दांडी चुंबक आत सरकवा, काटा एकीकडे जातो, बाहेर ओढा, काटा दुसरीकडे. आणि चुंबक आत नेऊन तसाच धरून ठेवायला सांगा तिला, कितीही ताकदीचा असू दे, काटा शून्यावर येऊन थांबतो.