अंगरक्षक, हस्तक की पठ्ठा?

ओळंबा: व्यावसायिक कुस्तीवरचा एक लेख मराठीत करतोय. केविन नॅश हा पैलवान १९९३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीत 'डीझल' या नावानं आला, तिथल्याच शॉन मायकल्स या पैलवानाचा बॉडीगार्ड म्हणून. मी 'अंगरक्षक' लिहिलं, तर मजकूर तपासणाऱ्यानं खोडलं: हा रक्षण कुठे करतोय, पंचाची पाठ वळली की समोरच्याला ठोकतोय! म्हणणं पटतं. पण 'मदतनीस' म्हटलं तर जवळपास सात फुटांचा हा गडी बॅगा उचलणारा वाटतो. 'पाठीराखा' चालेल?

खलबत्ता: पाठीराखा देव असतो हो. 'हस्तक' घ्या.

बाराखडी: हस्तक पडद्याआड असतो. हा काळा चष्मा लावून रिंगच्या कडेला सगळ्यांदेखत उभा. तालमीतला 'पठ्ठा' काय वाईट आहे? पाठीशी उभा राहतो तो पठ्ठा.

खलबत्ता: कानाला गोड लागली म्हणून व्युत्पत्ती होत नाही. मला तो 'पुष्ट'वरून आलेला वाटतो. शिवाय पठ्ठा वस्तादाचा असतो. मायकल्सनं याला कुठला डाव शिकवला?

तिरकी रेघ: बॉडीगार्डच ठेवा की, कोणाला कळत नाही? आणि भाषांतरच हवं तर अंगरक्षकच बरा, कारण पुढची गंमत त्यातच आहे. १९९४ च्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे एकमेकांना रिंगबाहेर फेकण्याच्या झुंडीच्या लढतीत, यानं सात जणांना बाहेर फेकलं आणि लोक त्याच्या बाजूनं ओरडायला लागले. एप्रिलमध्ये इंटरकॉन्टिनेन्टल किताबाचा पट्टा, ऑगस्टमध्ये मायकल्ससोबत टॅग टीमचा, म्हणजे जोडीचा, मग दोघांचं फाटलं आणि २६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब बॅकलंडला आठ सेकंदांत लोळवून मुख्य पट्टा. एक लाथ, एक जॅकनाइफ (उचलून आपटायचा त्याचा डाव), संपलं. मालक राहिला बाजूला, राखणदार गादीवर. हस्तक म्हणालात तर हा चढ दिसणारच नाही.

ओळंबा: हे आवडलं. त्या आठ सेकंदांना मी 'अस्मान दाखवलं' लिहिलंय, आणि पुढे 'जेतेपद ३५८ दिवस राखलं'.

खलबत्ता: जेतेपद चूक. जेतृपद हवं. पितृपक्षाला पितेपक्ष म्हणता का?

तिरकी रेघ: मग विरोधी पक्षनेतेपदाचं काय करायचं? नेतृपद म्हणून बघा, लोक आजार समजतील.

बाराखडी: मराठी सामान्यरूप धरलं तर 'जेत्यापद' व्हायला हवं. दोन्ही व्याकरणं आडवी आली तरी वर्तमानपत्रं जेतेपद छापतच आहेत.

आखाडी: पण ठरवून खेळलेल्या कुस्तीत जेता कसला? आपल्याकडे याला 'नुरा कुस्ती' म्हणतात. अंगरक्षक-बिंगरक्षक नंतर बघा.

बाराखडी: नुरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवतात. इथे तर डब्ल्यूडब्ल्यूएफनं १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या लोकप्रतिनिधींपुढे हे मनोरंजन असल्याचं कबूल केलं होतं. त्यापेक्षा 'लुटुपुटूची' म्हणा.

आखाडी: लुटुपुटूच्या लढाईत गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया होत नाहीत. नॅशच्या झाल्यात. आणि अस्मान दाखवायला उघडा आखाडा लागतो, मॅडिसन स्क्वेअर गार्डनला छप्पर आहे.

खलबत्ता: तर मग 'चितपट' करा. चि ऱ्हस्व.

तिरकी रेघ: दीर्घ! चीत, चीतपट.

ओळंबा: बरं, पण बॉडीगार्डचं काय करू? लेख उद्या द्यायचाय.

खलबत्ता: ऱ्हस्वच. चारी मुंड्या 'चित' असं आम्ही शाळेत लिहिलंय.

बाराखडी: शाळेत जेतृपदही लिहिलं असेल तुम्ही.