मदत हवी आहे: जी-क्वाड्रुप्लेक्सची घडी पेशीच्या आत कशी बघतात?

नमस्कार मंडळी. मी पेडण्याची, एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला. प्रोजेक्टला टेलोमेअरचा, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाचा, डीएनए तुकडा घेतलाय, टीटीएजीजीजीच्या माळेतला. यातले ग्वानिन (जी) चार-चार जुळून चार पदरी घडी करतात, तीच जी-क्वाड्रुप्लेक्स. सोडियम बफरमध्ये सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, घडीचा आकार सांगणारा प्रकाशाचा स्पेक्ट्रम) काढला तर 295 नॅनोमीटरला शिखर, 265 ला खड्डा, म्हणजे अँटिपॅरलल (दोन पदर एका दिशेला, दोन उलट). पोटॅशियम घातल्यावर खड्डा गेला आणि तिथे खांदा आला, म्हणजे हायब्रिड (तीन पदर एका दिशेला, एक उलट). (चवथीच्या तोंडावर नायट्रोजनचा सिलिंडर संपला, म्हणून 200 च्या खाली नुसता कचरा आहे. तो सोडून द्या.)

प्रेझेंटेशनला एका मॅडमनी विचारलं, "हे क्युवेटमधलं (मोजायच्या काचेच्या नळीतलं) झालं. पेशीत काय?" मी ठोकून दिलं, पेशीत पोटॅशियम 140 मिलिमोलरच्या आसपास, सोडियम त्यामानाने किरकोळ, म्हणून हायब्रिड. त्या म्हणाल्या, "आणि आतली गर्दी?" इथे माझी दांडी उडाली. कारण गर्दीची नक्कल म्हणून पीईजी 200 (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) भरपूर घातलं की हाच तुकडा पॅरलल (चारही पदर एकाच दिशेला) होतो! मग खरं काय धरायचं? पेशींचाच सीडी काढला तर?

प्रतिसाद १
अगं, पेशींच्या सीडीचा नाद सोड. प्रथिनं, आरएनए, सगळेच त्या पट्ट्यात प्रकाश शोषतात, वर पेशी तो विखुरतात. तुझा तुकडा म्हणजे दर्यात खसखस. यासाठी इन-सेल एनएमआर, म्हणजे जिवंत पेशीतल्याच रेणूंचे अणू चुंबकीय क्षेत्रात ओळखायचे. क्वाड्रुप्लेक्समधल्या ग्वानिनचे इमिनो प्रोटॉन (जोडी जुळवणाऱ्या नायट्रोजनवरचे हायड्रोजन) एनएमआरच्या पट्टीवर साधारण 10 ते 12 पीपीएमला दिसतात, नेहमीच्या दुपदरी डीएनएतल्या वॉटसन-क्रिक जोड्यांचे 12 ते 14 ला, आणि त्या भागात पेशीचा स्वतःचा गोंगाट कमी. सुरुवातीला झेनोपस बेडकाच्या अंडपेशीत डीएनए टोचून हे केलं. पुढे हेला या मानवी पेशींत इलेक्ट्रोपोरेशनने, म्हणजे विजेच्या झटक्याने पेशीचं आवरण क्षणभर उघडून. 2018 मध्ये आय-मोटिफसुद्धा (सायटोसिनची चार पदरी घडी) जिवंत मानवी पेशींत असाच दिसला. रेषा फार रुंद येत असतील तर फ्लोरिन-19 चं लेबल लाव. पेशीत फ्लोरिन जवळपास नसतोच, पाटी कोरी मिळते.

पीईजीवर मात्र विसंबू नकोस. ते नुसती गर्दी करत नाही, डीएनएभोवतालचं पाणीही कमी करतं. बेडकाच्या अंडपेशीतलं चित्र पीईजीतल्यासारखं आलंच नव्हतं.

प्रतिसाद २
एक राहिलं. मोजून झालं की पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसव आणि वरच्या द्रवाचाही स्पेक्ट्रम घे. तिथेही तेच सिग्नल आले तर डीएनए बाहेर गळलाय, आणि तू पेशी नाही, पुन्हा बफरच मोजलंस. मेलेल्या पेशी किती, तेही ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींनाच रंगवणाऱ्या निळ्या रंगाने) बघ.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. वरचा द्रव मी सरळ बेसिनमध्ये ओतला असता.